शेवटच्या नळापर्यंत

(येथील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत संपादकांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी मी 'नगरपालिका आणि लोकांचे आरोग्य' हा विषय सुचविला, तेव्हा चिटणीसांच्या चेहऱ्यावर किंचित निराशा उमटलेली मला दिसली. मैदानावरील सभांतून ज्याला आपण ऐकत आलो, तो गृहस्थ आज गटारांवर बोलणार काय, अशी शंका त्यांना आली असावी. शंका रास्त आहे. गटार हा वक्तृत्वाचा विषय नव्हे. परंतु मोठ्या प्रश्नांसाठी जी माणसे लढतात, ती जिवंत राहतात गल्लीतल्या नळाच्या पाण्यावर. आणि त्यांची मुले आजारी पडतात तीही त्याच पाण्याने. म्हणून या रुक्ष विषयासाठी आपला एक तास मी मागत आहे.

टिळकवाडीतील काँग्रेस विहीर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. १९२४ च्या डिसेंबर महिन्यात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली येथे राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषविलेले ते एकमेव अधिवेशन. त्या वेळी जमणाऱ्या लोकांना पाणी मिळावे म्हणून ही विहीर खोदण्यात आली. अधिवेशनातील ठराव आज कितीजणांना सांगता येतील? विहीर मात्र सर्वांना ठाऊक आहे. सार्वजनिक कार्य कशाने टिकते, याचे उत्तर त्या विहिरीने दिले आहे.

ठराव आणि पाणी

त्याच १९२४ सालच्या आरंभी, सह्याद्रीच्या पलीकडे महाड येथे पाण्याचाच एक ठराव झाला होता. आदल्या वर्षी, ४ ऑगस्ट १९२३ रोजी, मुंबई कायदेकौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली वा चालविलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुल्या असाव्यात, असा त्याचा आशय होता. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. कागदावर प्रश्न सुटला. परंतु तीन वर्षे त्या तळ्यातील ओंजळभर पाणी त्या लोकांच्या ओठी लागले नाही. गुरांना पाण्यावर मज्जाव नव्हता, माणसांना होता.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर गेले आणि तेथील पाणी प्याले. त्यानंतर त्या निःशस्त्र लोकांवर हल्ले झाले, तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली, आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला! प्रकरण न्यायालयात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल दलितांच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. नगरपालिकेच्या ठरावापासून न्यायालयाच्या निकालापर्यंत तेरा वर्षे गेली.

मित्रहो, हा इतिहास आपण मानवी हक्काचा इतिहास म्हणून वाचतो, आणि तो तसाच वाचला पाहिजे. परंतु नगरपालिकेच्या कारभाराचाही तो इतिहास आहे. त्यातून दोन गोष्टी शिकायच्या. पहिली ही की ठराव म्हणजे पाणी नव्हे. ठरावाला अंमलबजावणीची इच्छा, पैसा आणि माणूस यांची जोड लागते. दुसरी ही की नगरपालिका जशी विषमता कमी करू शकते, तशीच ती विषमतेचे रक्षणही करू शकते. ती कोणत्या बाजूला उभी राहील, हे तिच्या कायद्यापेक्षा तिच्या नागरिकांवर अधिक अवलंबून असते.

लिव्हरपूलचा धडा

महाडची विषमता जातीची होती. परंतु जेथे आपल्यासारख्या जाती नाहीत तेथील नगरे समतेने नांदत होती, असे कोणी समजू नये. नागरी आरोग्याचा आधुनिक कारभार जेथे प्रथम उभा राहिला, त्या इंग्लंडकडेच पाहा. १८४२ साली एडविन चॅडविक यांनी श्रमिक लोकांच्या आरोग्यस्थितीवर आपला प्रसिद्ध अहवाल सादर केला. त्यात मृत्यूच्या वेळचे सरासरी वय वर्गवारीने दिले होते. लिव्हरपूल शहरात हे वय सुखवस्तू लोकांत ३५ वर्षे, व्यापारी-दुकानदारांत २२ वर्षे, आणि मजुरांत केवळ १५ वर्षे भरले. याचा अर्थ प्रत्येक मजूर पंधराव्या वर्षी मरत होता असा नव्हे. मजुरांची बालके पाळण्यातच इतकी मरत होती की सरासरी तेथवर घसरली. याच अहवालातील रटलंड या खेड्यापाड्यांच्या परगण्याचे आकडे होते ५२, ४१ आणि ३८. म्हणजे खेड्यातला मजूरही लिव्हरपूलच्या श्रीमंतापेक्षा सरासरीने अधिक जगत होता. शहराची घाण श्रीमंतालाही सोडीत नव्हती. गरिबाला मात्र ती आधी आणि अधिक गाठीत होती.

लिव्हरपूलच्या नगरसभेने १८४६ साली पार्लमेंटकडून स्वतःसाठी स्वतंत्र आरोग्य कायदा करून घेतला आणि १८४७ च्या आरंभी डॉ. विल्यम हेन्री डंकन यांना आरोग्याधिकारी नेमले. त्या देशातील ते पहिले नागरी आरोग्याधिकारी. त्यांच्या जोडीला जेम्स न्यूलंड्स हे अभियंता आणि टॉमस फ्रेश हे स्वच्छता-निरीक्षक होते. ही त्रयी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आजार मोजणारा डॉक्टर, गटार बांधणारा अभियंता आणि दारोदार फिरून पाहणारा निरीक्षक, हे तिघे एकत्र आल्यावाचून नगराचे आरोग्य सुधारत नाही. आपण बहुधा केवळ डॉक्टरची मागणी करतो.

त्याच वर्षी आयर्लंडातील दुष्काळाने पोळलेले लोक लाखांच्या संख्येने लिव्हरपूलच्या धक्क्यावर उतरले. त्यांना निवारा मिळाला तो ओल्या तळघरांत. टायफसच्या तापाने हजारो माणसे मेली, आणि गरिबांच्या वॉर्डांत त्याचे थैमान सुखवस्तू वॉर्डांहून कितीतरी अधिक होते. नगरसभेने तळघरे रिकामी करविली. उपाय योग्य होता, परंतु अर्धा होता. बाहेर काढलेले कुटुंब जाणार कोठे? ते दुसऱ्या दाटीच्या घरात शिरले, नाहीतर पुन्हा तळघरात परतले. नगरसभेने श्रमिकांसाठी स्वतः घरे बांधली ती १८६९ साली. गरिबाला पर्याय न देता त्याच्या घाणीवर बंदी घालणे म्हणजे रोग एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत ढकलणे होय. झोपडपट्टी उठवून शहर 'सुंदर' करू पाहणाऱ्या प्रत्येक कारभाऱ्याने हे पान वाचावे.

तेथीलच आणखी एक नाव सांगतो. किटी विल्किन्सन ही आयर्लंडातून आलेली गरीब बाई. १८३२ च्या पटकीत आपल्या घरातील तांब्याचा बंब तिने शेजाऱ्यांना कपडे धुण्यासाठी खुला केला. रोग्यांचे कपडे आणि अंथरुणे कढत पाण्यात धुतल्याने संसर्ग आवरतो, हे तिने कृतीने दाखविले. दहा वर्षांनी, १८४२ साली, नगरसभेने गरिबांसाठी सार्वजनिक स्नानगृह व धुणेघर काढले आणि पुढे १८४६ साली त्याची देखरेख किटी व तिच्या पतीकडेच सोपविली. शहाणपण नेहमी वरून खाली येते असे नाही. गल्लीत सापडलेले शहाणपण ओळखून त्याला अधिकार देणे, हेही नगरसभेचेच काम आहे.

सर्वांना, परंतु गरजेप्रमाणे

हा इतिहास तेथेच संपला नाही. १९७४ साली इंग्लंडात सार्वजनिक आरोग्याचे काम नगरसभांकडून काढून राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे देण्यात आले. आणि २०१२ च्या कायद्यान्वये एप्रिल २०१३ पासून ते बव्हंशी पुन्हा नगरसभांकडे आले. असे का झाले? कारण घर, रस्ता, शाळा, बाग आणि पोषण या गोष्टी रुग्णालयाच्या आवाक्याबाहेर आहेत, आणि माणसाचे आरोग्य पुष्कळसे त्यांवरच ठरते. २०१० साली सर मायकेल मार्मट यांच्या समितीने एक तत्त्व स्पष्ट केले. केवळ अगदी तळच्या लोकांवर लक्ष देऊन आरोग्यातील विषमता पुरेशी कमी होत नाही. सेवा सर्वांनाच असावी, परंतु जेथे गरज जास्त तेथे तिचा जोरही जास्त असावा. कॉव्हेंट्री शहराने २०१३ पासून हे तत्त्व आपल्या कारभारास लावण्याचा यत्न केला. परंतु त्याच इंग्लंडात २०१५-१६ नंतरच्या दशकात नगरसभांना मिळणारे आरोग्य-अनुदान महागाई जमेस धरता दरडोई सुमारे पाव भागाने घटले. काम द्यावे आणि पैसा काढून घ्यावा, ही राज्यकर्त्यांची रीत सर्व देशांत सारखीच दिसते.

आपल्याकडे काय आहे? १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनेत स्थान दिले. बाराव्या परिशिष्टात अठरा विषय आहेत. पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता, गलिच्छ वस्त्यांची सुधारणा आणि दुर्बळ घटकांचे हितरक्षण हे त्यांतच येतात. एकतृतीयांशाहून कमी नाहीत इतक्या जागा स्त्रियांना, आणि लोकसंख्येच्या प्रमाणात अनुसूचित जाती-जमातींना राखून ठेवल्या. तीन लाख वा अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. मात्र यांपैकी किती अधिकार आणि किती पैसा द्यायचा, हे राज्यांच्या मर्जीवर सोपविले. म्हणजे ताट मांडले आहे; वाढणारा हात दुसऱ्याचा आहे.

सुरतेचे उदाहरण

तरीही इच्छा असली तर काय होऊ शकते, हे सुरतेने दाखविले. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यात गाठीच्या प्लेगची बातमी आली आणि सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगने हाहाकार उडविला. तापीचा पूर नुकताच ओसरला होता. गाळ, कुजका कचरा आणि मेलेली जनावरे यांनी सखल वस्त्या भरल्या होत्या. लाखो लोक शहर सोडून पळाले. त्यांत खानदेशातून पोटासाठी तेथे गेलेले आपले मराठी मजूरही होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीप्रमाणे त्या साथीत देशभर ५६ माणसे दगावली. माणसे मेली त्याहून कितीतरी अधिक घरे उठली.

१९९५ साली एस. आर. राव महानगरपालिकेचे आयुक्त झाले. त्यांनी कोणते दिव्य औषध आणले? काहीच नाही. शहराचे सहा विभाग केले आणि प्रत्येक विभागाच्या प्रमुखास खर्चाचा व निर्णयाचा अधिकार दिला. अधिकाऱ्यांनी रोज सकाळी कचेरीत न बसता रस्त्यावर जायचे आणि त्याच दिवशी एकत्र बसून हिशोब द्यायचा, असा नियम केला. रस्ते रात्रीही झाडले जाऊ लागले. झोपडवस्त्यांत फरसबंदी, शौचकूप आणि पाणी पोहोचू लागले. अतिक्रमणे पाडताना बड्यांच्या इमारतींनाही सूट दिली नाही. १९९६ साली इन्टॅक या संस्थेच्या पाहणीत चंडीगडच्या खालोखाल स्वच्छ शहर म्हणून सुरतेचे नाव आले. तीच तापी, तीच माणसे, तोच नोकरवर्ग! बदलला तो कामाचा शिरस्ता. मात्र एका अधिकाऱ्याच्या उत्साहावर शहर फार काळ चालत नाही. अधिकारी बदलतो, जागरूक नागरिक आणि जागरूक नगरसेवक यांना कोणी बदलीचा हुकूम देऊ शकत नाही.

उंबरठ्याजवळचा पुरावा

आता घराजवळ येऊ. २००८ पासून हुबळी-धारवाड, कलबुर्गी आणि आपले बेळगाव या शहरांतील काही भागांत चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग सुरू झाला. नळ काही तासच सुटतो तेव्हा काय घडते? पाणी थांबले की वाहिनी रिकामी होते, तिच्यातील दाब जातो, आणि शेजारच्या गटारातील घाण फटींतून आत शिरते. पुढच्या वेळी पहिल्या घागरीत येते ती तीच. शिवाय पाणी साठवावे लागते, आणि साठविलेल्या पाण्यात हात बुडतात.

हुबळी-धारवाडात अखंड पाण्याचे प्रभाग आणि ठरावीक वेळी पाण्याचे प्रभाग यांतील सुमारे ४,००० घरांची तुलना संशोधकांनी केली. ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. लहान मुलांच्या साध्या हगवणीत दोन्हीकडे फारसा फरक आढळला नाही. हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे, कारण पाणी हा आरोग्याचा एक धागा आहे, संपूर्ण वस्त्र नव्हे. परंतु गरीब घरांत रक्ताच्या आवेचे प्रमाण अखंड पाण्याच्या प्रभागांत स्पष्टपणे कमी होते. सुखवस्तू घरांत तसा फरक का दिसला नसावा? ज्याच्या गच्चीवर टाकी आहे, स्वयंपाकघरात गाळणयंत्र आहे आणि पाणी उकळायला गॅस आहे, तो वाईट पाण्यापासून स्वतःला वाचवू शकतो. ज्याच्याकडे यातले काहीच नाही, त्याचा रक्षणकर्ता एकच, आणि ती नगरपालिका. तिने चुकविले की त्याला दुसरी पायरी नाही.

नगरपालिकेच्या कामाचे माप मला येथे सापडते. साऱ्या शहराची सरासरी काढून स्वतःची पाठ थोपटून घेणे सोपे आहे. शहराला माणशी इतके लिटर पाणी मिळते, या वाक्यात बंगल्यातील बाग आणि उतारावरच्या शेवटच्या गल्लीतील रिकामी घागर एकाच आकड्यात बुडून जातात. मी अशाच शेवटच्या गल्लीत वाढलो. मधल्या घरांनी पंप लावले की आमचा नळ फुसकारत असे, आणि आई पहाटे तीन वाजता उठून जे काही ठिबकेल ते घागरीत धरीत असे. त्या वेळी आम्ही दैवाला बोल लावीत होतो. तो दैवाचा प्रश्न नव्हता. वाहिनी किती इंची टाकायची आणि पंपांवर बंदी कोणी अमलात आणायची, असा तो साधा कारभाराचा प्रश्न होता, हे कळायला मला वीस वर्षे लागली.

आपले कर्तव्य

तेव्हा आपण मागायचे काय? पहिले, प्रभागवार हिशोब. जन्ममृत्यूची नोंद नगरपालिकेच्या दप्तरात असतेच. कोणत्या प्रभागात किती बालके दगावली, कोठे विषमज्वर फिरून फिरून येतो, शेवटच्या नळावरील पाण्यात क्लोरीन उरते की नाही, हे दर वर्षी प्रभागवार प्रसिद्ध व्हावे. डंकन यांनी आरंभ केला तो मोजणीनेच.

दुसरे, अंदाजपत्रकात गरजेचे माप. प्रत्येक नगरसेवकाला समसमान निधी वाटणे ही समता दिसते, पण ती न्याय नव्हे. ज्या प्रभागात गटारच नाही त्याला, आणि ज्या प्रभागात गटारावर नवी फरशी बसवायची आहे त्याला, एकाच तागडीने मोजता येणार नाही. आपल्या प्रभागाचा निधी शेजारच्या गरजू प्रभागाकडे गेला तर आपण नगरसेवकाच्या दारी ओरड करणार, की त्याचे अभिनंदन करणार? प्रश्न त्याला नाही, आपल्याला आहे.

तिसरे, जे हात हे शहर स्वच्छ ठेवतात त्यांचे आरोग्य. हाताने मैला उचलण्याची प्रथा १९९३ च्या कायद्याने निषिद्ध झाली आणि २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून माणसाला गटारात वा मैलाटाकीत उतरविणे हा गुन्हा ठरला. तरीही त्यानंतर अशा मृत्यूंच्या बातम्या आपण देशभरातून छापल्या आहेत. पौरकार्मिकाला हातमोजे, बूट, नियमित वेतन आणि वैद्यकीय तपासणी मिळत नसेल, तर आपली स्वच्छता दुसऱ्याच्या आयुष्यावर उभी आहे, असेच म्हटले पाहिजे.

चौथे, भाषा. हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी घेतो, कारण तो येथे अभिमानाचा नसून औषधाचा आहे. 'पाणी उकळून प्या', 'मुलाला अमुक दिवशी लस टोचून घ्या' ही सूचना ज्या आईसाठी आहे तिला ती वाचता आली पाहिजे. शेकडा १५ वा अधिक लोक ज्या भाषेचे असतील त्या भाषेतही महत्त्वाच्या सूचना निघाव्यात, असे तत्त्व भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणांत मान्य झालेले आहे. मराठी, कन्नड, उर्दू, ज्या गल्लीत जी बोली जाते ती भाषा त्या भिंतीवर असावी. जंतू कोणत्याही भाषेचा अभिमान बाळगीत नाहीत. सूचनेने बाळगला तर मूल मरेल.

भगिनींनो आणि बंधूंनो, मोर्च्याला यायला धैर्य लागते, आणि ते आपल्या गावाने वेळोवेळी दाखविले आहे. प्रभाग समितीच्या बैठकीस जाऊन पाण्याच्या तपासणीचा कागद मागायला तसे धैर्य लागत नाही. लागते ती चिकाटी. तेथे हारतुरे नाहीत, टाळ्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात नावही येत नाही. पण महाडच्या ठरावाला जे साधले नाही, ते अशा चिकाटीनेच साधते. आज घरी गेल्यावर आपला नळ सोडाल तेव्हा एवढाच विचार करा, की याच वाहिनीच्या शेवटच्या टोकाला या क्षणी कोण उभे आहे, आणि त्याच्या घागरीत काय पडत आहे. ते पाहण्यासाठी उद्या सकाळी आपण तेथवर चालत गेलात, तर माझे आजचे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.